काटा बेचाळीसवर

किस्से कसे साठतात सांगू? देवघराच्या फडताळातल्या काडेपेट्यांसारखे. प्रत्येकीत दोन-तीन काड्या उरलेल्या, टाकून द्यायला जीव होत नाही, आणि एक दिवस दार उघडावं तर सगळ्या अंगावर! आमच्या डमडमच्या घराखालच्या गॅरेजचं तसंच झालंय. इथल्या मराठी मंडळात हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी विचारतंच, "वहिनी, तुमच्या गाडीचं पुढे काय झालं?" दर वेळी अर्धाच सांगून होतो आणि डिशेस येतात.

गॅरेज म्हणजे फार मोठं काही नाही. एक गाडी मावते आणि चार माणसं. माणसंही चारच. आमचे हे, बँकेतून निवृत्त झालेले. बदलीवर कोलकात्याला आलो ते इथलेच झालो. दुसरे हारूदा, सत्तरीचे मेकॅनिक, चाळीस वर्षं याच गल्लीत हात काळे करणारे. तिसरा आमचा जावई निखिल, न्यू टाउनच्या आयटी ऑफिसातला, लॅपटॉपवाला. आणि चौथी मी. माझं काम चहाचं, उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीचं. पुढे पुढे ते वाढत गेलं.

आणि गाडी म्हणजे कोलकात्याच्या जुन्या पिवळ्या टॅक्सीची पांढरी बहीण. गोल पाठीची, सोफ्यासारख्या सीटची.

*

आमची मनू आठव्या महिन्यातच झाली. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. घरी न्यायची परवानगी मिळाली त्या दिवशी ह्यांनी ही गाडी जी हाकली, ती ताशी वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागे बसेस, टॅक्स्या, सगळ्यांचे हॉर्न. मी मागच्या सीटवर मनूला छातीशी धरून रामरक्षा म्हणत होते.

एका चौकात ट्रॅफिक पोलीस तणतणत खिडकीशी आला. "क्या ले जा रहे हैं दादा? काँच?"

हे म्हणाले, "उससे भी नाजूक."

पोलिसानं वाकून आत पाहिलं. मग रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून तिन्ही बाजूंच्या बसेस थांबवल्या! आमच्या एका गाडीसाठी!

तीच मनू आता स्वतः आई व्हायची होती. डिलिव्हरी न्यू टाउनला, पण बाळंतपणासाठी नंतर माहेरी, आमच्याकडे. बातमी ऐकली त्या क्षणी हे म्हणाले, "बाळ घरी येणार ते आपल्याच गाडीतून."

अडचण एवढीच होती, की गाडीचं इंजिन केव्हाच म्हातारं होऊन बसलं होतं. सुटे भाग मिळेनात. मग ठरलं की त्यात नव्या जमान्याचं, फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसवायचं. परवानगीचे कागद झाले, जुन्या मालाच्या बाजारातून एका छोट्या गाडीचं इंजिन आलं.

मनूनं फोनवर अट घातली. "बाबा, तू आधी एकदा डमडमहून माझ्या दारापर्यंत न थांबता ये. एकदाच. मग माझं बाळ तिच्यात बसेल. नाही आलास तर निखिलची गाडी आहे."

कोलकात्यात वाढलेली मुलगी. वडिलांना 'तू' म्हणते, पण अट घालते ती अगदी ह्यांच्यासारखी!

*

हारूदा कार्बोरेटरचे, म्हणजे जुन्या इंजिनांचे माणूस. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात कुठे दुखतंय ते. नवीन इंजिन आलं तेव्हा त्यांनी तसंच ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "ये तो कुछ बोलता ही नहीं."

टाकीतून पेट्रोल खेचणारा गाडीतला जुना पंपच त्यांनी या इंजिनाला जोडला. स्टार्टर फिरतोय, फिरतोय, इंजिन ढिम्म. निखिलनं प्रेशर मोजायचं घड्याळ लावलं. काटा तीनवर.

"हारूदा, याला बेचाळीस पाउंड लागतं," निखिल म्हणाला. "जुन्या इंजिनाला तीन चालायचं. ते पेट्रोल आपणहून ओढून घ्यायचं. हे फवाऱ्यानं पितं. जोर लागतो."

"बेयाल्लिश?" हारूदांनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे, त्यांच्या बौदीकडे म्हणजे वहिनीकडे, वळून म्हणाले, "बौदी, ये इंजिन नहीं है. ये जमाई है! जितना खातिर करो, कम."

निखिल, म्हणजे खराखुरा जमाई, हातात पाना घेऊन तिथेच उभा होता. तो म्हणाला, "मग चहा तरी द्या!"

*

माझा स्वभाव व्रतांचा. सोळा सोमवार झाले, संकष्टी तर लग्नाआधीपासूनची. हे हसतात, पण उपासाच्या दिवशी माझ्यासाठी रताळी तेच आणतात. तर इंजिन बसलं त्या दिवशी मंगळवार होता आणि मी मनात संकल्प सोडला. बाळ घरी येईपर्यंत दर मंगळवारी गाडीला शेंदराचा टिळा लावीन.

बॉनेटला लावायला गेले तर हे ओरडले, "अगं अगं! नवीन रंग आहे! तेलकट डाग जात नाही तो!"

मग कुठे लावू? काचेला नाही, दाराला नाही. हारूदा तेव्हा डब्यातून टाकीत पेट्रोल ओतत होते. टाकीचं झाकण त्यांनी माझ्याच हातात दिलं होतं, "बौदी, जरा पकडिए, नहीं तो हम कहीं रख के भूल जाएगा."

मी त्या झाकणाकडे पाहिलं. गाडीचं पोट भरतं ते इथूनच. याहून योग्य जागा कुठली? तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि झाकणाच्या अगदी मधोमध छानपैकी टिळा लावला. हारूदांनीही हात जोडले. "बेश!" म्हणाले.

पुढे हा नेमच झाला. मंगळवारी पेट्रोल ओतायचं, झाकण माझ्या हातात, त्यावर टिळा. जुना पुसायचा नाही, त्यावरच नवा. आमच्या गावच्या गणपतीच्या अंगावर नाही का, शेंदराचे थर चढत जातात?

*

नवीन, जोरकस पंप बसला. इंजिन सुरू झालं आणि गॅरेजमध्ये तासभर नुसतं गुणगुणत राहिलं. काटा बेचाळीसवरून हलेना. रस्त्यावर काढायचा दिवस आला.

प्रेशरचं घड्याळ निखिलनं काचेच्या बाहेरून, वायपरजवळ चिकटवलं. पेट्रोलची नळी गाडीच्या आत नको म्हणून. आता गाडी चालवणार हे, मागे लॅपटॉप घेऊन निखिल, त्याच्या शेजारी हारूदा. काटा कोण बघणार? पुढच्या सीटवर मी!

"आई, फक्त आकडा म्हणत राहायचं," निखिल म्हणाला.

मी जपमाळ काढली. "बेचाळीस." एक मणी. "बेचाळीस." एक मणी. हारूदा मागून हळूच, "बौदी, आप तो एकसौ आठ बार पेट्रोल का नाम ले लिया!"

विमानतळाच्या जरा पुढे माझ्या तोंडून निघालं, "चाळीस." मग "छत्तीस." मग "अहो, एकोणतीस!" गाडीनं दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला एका कडुलिंबाखाली गपकन बंद.

बॉनेट उघडलं, तिघांची डोकी आत. स्टार्टर फिरतोय, पण सुरू होत नाही. मला काय करता येणार? मी डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणायला घेतलं. सावकाश, फलश्रुतीसकट. संपवून नमस्कार केला आणि म्हटलं, "अहो, आता बघा बरं."

ह्यांनी किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! काटा बेचाळीसवर!

निखिल लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "याची नोंद मी कुठल्या रकान्यात करू?"

*

असं तीनदा झालं. निघालं की वीस मिनिटं उत्तम, मग काटा घसरतो, गाडी बंद. अथर्वशीर्ष म्हटलं की सुरू! घरी येऊन तपासावं तर सगळं ठीक. पेट्रोलचा फिल्टर बदलला. पंपाची वायर जाड घातली. पंपसुद्धा दुसरा आणून पाहिला. गॅरेजमध्ये टाकीचं तोंड मोकळं, त्यावर नुसतं फडकं टाकलेलं, बाजूला डब्यातून पेट्रोल घालायची सोय, आणि इंजिन तासन् तास शहाण्यासारखं चालू.

"घर में साधू, रास्ते में शैतान," हारूदा म्हणायचे.

पण हारूदांची माझ्या स्तोत्रावर श्रद्धा बसली होती. ते म्हणाले, "बौदी हर बार तो साथ नहीं आ सकतीं. मोबाइल में भर दो."

मी फोनवर सगळं म्हणून दिलं. पुढच्या रविवारी मला संकष्टीची तयारी होती, म्हणून तिघेच गेले. गाडी नेहमीच्या ठिकाणी बंद पडली. निखिलला रविवारीही ऑफिसच्या मीटिंगची घाई. त्यानं फोनवर अथर्वशीर्ष लावलं, पण दीडपट वेगानं!

गाडी सुरू होईना. दुसऱ्यांदा किल्ली, तरी नाही. शेवटी हारूदांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि पहिल्यापासून, साध्या वेगानं, पूर्ण लावला. मग सुरू!

घरी आल्यावर त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं, "बौदी, भगवान को जल्दी पसंद नहीं."

निखिलचा चेहरा बघण्यासारखा होता. इंजिनिअर मुलगा, पण त्या संध्याकाळी त्यानं देवासमोर नीट, सावकाश नमस्कार केला.

*

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत. हाही गाडीचाच आहे, पण ह्यात मला हसू कमी येतं.

मनूचं डोहाळजेवण आमच्याकडे होतं. ठरलं होतं की हे जाऊन तिला याच गाडीनं आणतील. अट पुरी होईल आणि ओटी भरायला पोर वडिलांच्या गाडीतून येईल. मी ताटाभोवती रांगोळी काढली, पुरणाचे दिवे केले, मंडळातल्या बायका जमल्या. शेजारच्या घोषबाबूंच्या घरून त्यांच्या पद्धतीची पायेशाची, म्हणजे तांदळाच्या खिरीची वाटी आली.

दारात गाडी थांबली. निखिलची! मनू उतरली, मागोमाग हे. खांदे पडलेले.

"न्यू टाउनच्या अलीकडच्या वळणावर बंद पडली," निखिल मला बाजूला घेऊन म्हणाला. "मनूच्या घराची गच्ची दिसत होती तिथून. ती बाल्कनीत उभी राहून बघत होती."

जेवणं झाली. बायकांनी मनूला धनुष्यबाण देऊन फोटो काढले, उखाणे झाले. हे कुठे दिसेनात. खाली गेले तर गॅरेजमध्ये. हारूदांनी ओढून आणलेल्या गाडीवर हे कापडी कव्हर चढवत होते. एकेक कोपरा नीट ओढून, जसं झोपलेल्या माणसावर पांघरूण घालतात.

"राहू दे आता," म्हणाले. "मनूचं बरोबर आहे. बाळाला घेऊन रस्त्यात थांबलो तर? मनूला आणलं त्या दिवशी एकदाही बंद पडली नव्हती गं ही. एकदाही नाही."

हारूदा कोपऱ्यात पाने पुसत होते. हातातला पाना ठेवून म्हणाले, "दादा, हमारा हाथ अब पुराना हो गया. इसलिए नहीं पकड़ पा रहा है."

हे लगेच म्हणाले, "हारूदा, हात तुमचे नाही, गाडी माझी म्हातारी झालीय."

दोघं म्हातारे एकमेकांची समजूत घालत बसले. मी चहा ठेवून वर आले. त्या दिवशी कुणीच प्यायला नाही.

*

श्रावण लागला. पहिल्या सोमवारी मी महादेवाच्या पिंडीवर अभिषेकपात्र टांगलं. आमच्याकडे त्याला गळती म्हणतात. तांब्याचं भांडं, खाली बारीकसं छिद्र, थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहतं. तासभर ती धार चालू ठेवायची आणि शेजारी बसून जप करायचा, हा माझा नेम.

एक माशी सारखी पाण्यावर घोंघावत होती. मी उठून स्टीलच्या डब्याचं झाकण आणून भांड्यावर दाबून बसवलं. ओली कड, अगदी घट्ट बसलं.

जप चालू. डोळे उघडले तर पिंडी कोरडी पडायला आलेली! थेंबच पडत नाहीये. भांडं हलवून पाहिलं, पाणी भरपूर. छिद्रातली वात नीट केली, काही नाही. म्हटलं, महादेवा, काय चुकलं माझं?

झाकण उचललं. टप्. टप्. टप्.

पुन्हा झाकण दाबलं. चार थेंब, मग बंद. उचललं, टप्!

मी किती वेळ ते झाकण लावत आणि काढत बसले कोण जाणे. वरून वारा आत शिरला नाही तर खालून पाणी सुटत नाही. एवढंच! गॅरेजमध्ये टाकीचं तोंड उघडं, म्हणून तासन् तास काटा बेचाळीसवर. रस्त्यावर झाकण लावलेलं, म्हणून वीस मिनिटांत काटा खाली. आणि अथर्वशीर्ष होईपर्यंत कुठून तरी जराजरा वारा आत जात असणार.

महादेवाला म्हटलं, क्षमा कर, अभिषेक अर्धा राहतोय. तशीच ओल्या केसांनी खाली गेले. कव्हर बाजूला केलं, झाकण काढून खिडकीच्या उजेडात धरलं.

मधोमध, गाडी बनवणाऱ्यानं वारा जायला ठेवलेलं, सुईच्या टोकाएवढं भोक असणार. असणारच! पण दिसणार कसं? त्यावर माझ्या शेंदराचा जाडजूड थर होता. मेणासारखा घट्ट. सगळ्या मंगळवारांचा.

मी तिथेच खाली बसले. ह्यांचे पडलेले खांदे, हारूदांचं "हाथ पुराना हो गया", मनूची बाल्कनी, सगळं त्या लाल टिळ्यात दिसायला लागलं. ज्याच्यासाठी नवस, त्याच्याच नाकावर मी बोट धरून बसले होते!

बांगडीतली सेफ्टी पिन काढली. हळूहळू, एकेक थर, सगळं खरवडलं. भोक मोकळं झालं तेव्हा त्यातून उजेडाचा एक ठिपका माझ्या तळहातावर पडला. पदरानं झाकण पुसलं, जागच्या जागी लावलं आणि वर येऊन अभिषेक पुरा केला.

*

ह्यांना मी एवढंच म्हटलं, "येत्या रविवारी शेवटचं एकदा जाऊन बघू या का हो? माझ्या मनात येतंय."

माझ्या मनात येतंय म्हटलं की हे नाही म्हणत नाहीत.

निघालो. मी जपमाळ घेतली होती, पण मणी ओढायचं भान राहिलं नाही. "बेचाळीस," म्हणत होते नुसती. विमानतळ गेला. बेचाळीस. ते नेहमीचं कडुलिंबाचं झाड गेलं, जिथे चहावाला आम्हाला ओळखायला लागला होता. त्यानं सवयीनं चहाची चार मातीची भांडी पुढे मांडली आणि आम्ही थांबलोच नाही, तेव्हा तो उठून उभा राहिला! बेचाळीस. न्यू टाउनचं वळण आलं. मागून निखिल आणि हारूदा काट्याकडे वाकून बघत होते.

मनू खाली गेटजवळ येऊन उभी होती. दोन्ही हात पोटावर. गाडी तिच्या पुढ्यात थांबली आणि इंजिन चालूच राहिलं. ह्यांना ते बंद करायचा धीर होईना.

मनू खिडकीशी वाकली. "आलास तू, बाबा," म्हणाली आणि रडायलाच लागली.

निखिलनं हारूदांना विचारलं, "काय बदललं शेवटी? सांगा ना! मला लिहायचंय."

हारूदा खाली उतरले होते. गाडीला एक चक्कर मारून टाकीपाशी उभे होते. म्हटलं, आता सांगायलाच हवं, व्रत करणाऱ्या बाईनं खरं लपवू नये. "अहो, त्याचं असं झालं, ते झाकण..."

"झाकण ठीक है, बौदी," हारूदा मध्येच म्हणाले. त्यांनी झाकणावर एकदा बोट फिरवलं, बोटाच्या टोकाकडे पाहिलं आणि ते धोतराला पुसलं. "फिल्टर में कचरा था. हम निकाल दिया. लिखो जमाईबाबू, फिल्टर."

निखिलनं लिहिलं, फिल्टर. हे मोठ्यानं हसून म्हणाले, "बघा! म्हणे हात म्हातारे झाले!"

हारूदा लाजले. मी जपमाळ पिशवीत टाकली.

त्यानंतरच्या मंगळवारी मी गाडीला नुसते हात जोडले. शेंदराची वाटी वर देवघरातच ठेवली. हारूदांनी विचारलं, "आज फोंटा नहीं, बौदी?" टिळ्याला ते फोंटा म्हणतात.

"हात जोडले ना," मी म्हटलं. "पोचतं ते."

"हूँ," म्हणाले आणि स्पार्क प्लग पुसायला लागले.

*

मुलगी झाली. दिवस पूर्ण भरून, गुटगुटीत. काचेच्या पेटीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही पोरीनं! घरी आणायचा दिवस ठरला तो नेमका मंगळवार.

सकाळी पूजा आटोपून खाली गेले. हे नवीन शर्ट घालून सीट पुसत होते, पुसलेलीच पुन्हा. निखिल त्याच्या गाडीनं मागून येणार होता, अँब्युलन्ससारखा, कशाला लागलंच तर म्हणून. मागच्या सीटवर मी मऊ जुनी साडी चौघडी करून अंथरली.

संकल्प मनात टोचत होता. बाळ घरी येईपर्यंत दर मंगळवारी, असं म्हटलं होतं मी. आणि आज तर बाळ घरी येत होतं. पण त्या झाकणाजवळ शेंदूर न्यायचा धीर मला होईना. रिकाम्या हातांनीच गाडीच्या मागे गेले. म्हटलं, कान धरून क्षमा मागावी आणि निघावं.

झाकण घासूनपुसून चांदीसारखं लखलखत होतं. मधलं भोक स्वच्छ, मोकळं. आणि त्याच्यापासून दूर, झाकणाच्या पार कडेला, बारीक कुंचल्यानं कुणीतरी पांढऱ्या रंगाचं एक छोटंसं गोल रिंगण काढलं होतं. बरोबर एका बोटाच्या टोकाएवढं.

मी वर पाहिलं. हारूदा बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. रविवारी तपासून झालेलं इंजिन पुन्हा तपासत होते. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"बौदी," ते आतूनच म्हणाले, "शेंदूर ले आइए. नातनी राह देख रहा है."